चहावाल्याची साक्ष

खोटं कशाला बोलू? सहा वर्षं मी त्या माणसाचा हेवा केला. नुसता वाटला नाही, केला. सकाळी डबा करावा तसा रोज नेमानं केला.

सांगली आणि मिरजेच्या मधल्या औद्योगिक वसाहतीत आमचा कारखाना होता. पाण्याच्या पंपाचे सुटे भाग व्हायचे. गेटातून आत शिरलं की डाव्या हाताला टाइम ऑफिस, आणि टाइम ऑफिसात ते. हजेरी, रजा, नवीन माणसं घेणं ही सगळी कामं त्यांच्याकडं. मिशी पांढरीशुभ्र आणि डोक्यावरचे केस मात्र काळेभोर, त्यामुळे वय कळायचं नाही. मनगटावरचं घड्याळ आतल्या बाजूला. लष्करात कारकुनी करून निवृत्त झालेले. सगळे त्यांना 'सुभेदार' म्हणायचे आणि प्रत्येक वेळी ते हातातलं काम थांबवून म्हणायचे, "हवालदार म्हना. सुभेदारकी मला मिळाली न्हाई."

दिवसातून दहा वेळा! समोर कोण आहे हे बघायचे नाहीत. एकदा मालकांचे व्याही आले होते. ते कौतुकानं म्हणाले, "काय सुभेदार, बरं आहे ना?" तर यांनी त्यांनाही तेच ऐकवलं. व्याही हसले, मालक हसले. मी हसले नाही. म्हटलं, हा सगळा देखावा आहे. मोठेपणा नको म्हणून सांगणं हाही एक मोठेपणाच की.

मी तिथं कारकून म्हणून लागले तेव्हा माझं नुकतंच लग्न झालेलं. माहेर रहिमतपूर, सासर सांगली. बी.कॉम. तर होतेच, वर साताऱ्याच्या एका संस्थेतून कार्मिक व्यवस्थापनाची पदविका केली होती. 'शासनमान्य' असा शिक्का, त्याखाली मान्यता क्रमांक. आमच्या अप्पांनी, म्हणजे वडिलांनी, ती पदविका काचेत बसवून घेतली होती, आणि मुलाखतीला मी ती काचेसकट घेऊन गेले होते. आता आठवलं की कानशिलं तापतात.

हवालदारांनी काय करावं? ती फ्रेम हातात घेतली, एकदा वाचली, आणि टेबलावर पालथी घातली.

"ह्येला जरा झोपू द्या," म्हणाले. "तुमी बोला."

हे ते सगळ्यांच्या बाबतीत करायचे. उमेदवाराचा कागद कितीही भारी असो, पहिल्या वर्गाचा असो, तो पालथा पडायचा आणि मुलाखत संपेपर्यंत पालथाच राहायचा. पण मला ते ठाऊक नव्हतं. मला वाटलं, मुद्दाम माझाच अपमान केला. नोकरी लागली त्या दिवशी घरी पेढे वाटले, पण तो पालथा कागद काही माझ्या मनातून गेला नाही. हेव्याची सुरुवात तिथून.

पुढं तो वाढतच गेला, आणि त्याला कारणंही मिळत गेली. कामगारांच्या घरी लग्न निघालं की पहिली पत्रिका हवालदारांना. मालकीणबाई कैरीचं लोणचं घालायच्या, त्यातली एक बरणी टाइम ऑफिसात यायची. माझं टेबल त्याच खोलीत, पण मला कधी फोडसुद्धा विचारली नाही. आमचे हे एकदा मला न्यायला आले, गेटावर पाच मिनिटं हवालदारांशी बोलले, आणि त्या दिवसापासून घरी रोज रात्री जेवताना, "काय म्हणतात तुमचे हवालदार?" मी भाकरी अशी आपटायची ताटात! माझ्या नवऱ्यानं माझ्याविषयी विचारायचं सोडून हवालदारांविषयी विचारावं?

आणि शिक्षण काय त्यांचं? लष्करातला कसलासा दाखला. दहावीच्या बरोबरीचा म्हणे. मी बी.कॉम., वर पदविका, आणि मालक प्रत्येक उमेदवाराच्या अर्जावर पेन्सिलीनं लिहायचे, 'हवालदारांचं मत घ्या.'

आता हे मत ते कसं बनवायचे, तेच तर सांगायचंय.

ती वर्षंच अशी होती की, पाऊस पडल्यावर अळंबी उगवावीत तशी गावोगाव डिप्लोमाची कॉलेजं उगवत होती. अर्ज यायचे, प्रत्येकाला जोडलेला कागद, प्रत्येक कागदावर मान्यतेचा शिक्का. बाकीच्या कारखान्यांत शिक्का बघून माणूस घेत. मान्यता आहे? या. मान्यता नाही? दुसरीकडं बघा. सोपं काम. आमच्या कारखान्याची साप्ताहिक सुट्टी सोमवारी, आणि सोमवारी कॉलेजं चालू. हवालदार त्या सोमवारी एस.टी.नं ते कॉलेज बघायला जायचे. कुणी सांगितलेलं नसायचं. घरून भाकरी बांधून घ्यायची आणि निघायचं. मंगळवारी येऊन लाल कापडी बांधणीच्या एका वहीत काहीतरी लिहायचे, आणि वही कपाटात, कपाटाला कुलूप. त्या वहीत काय आहे हे बघायला माझा जीव नुसता वरखाली व्हायचा.

एकदा मालकांनीच मला त्यांच्याबरोबर पाठवलं. "तुम्हीही शिकून घ्या, बाई," म्हणाले. शिकून घ्या! पदविका माझ्याकडं, आणि शिकायचं मी!

साताऱ्याच्या अलीकडं, हायवेला लागून एक नवीन कॉलेज होतं. तीन मजली, पुढं कारंजं, गेटावर 'शासनमान्य' एवढ्या मोठ्या अक्षरांत की चालत्या गाडीतून वाचता यावं. आमच्याकडं सुपरवायझरच्या जागेसाठी तिथल्या एका मुलाचा अर्ज आला होता. मला वाटलं, आता हे प्राचार्यांना भेटणार. मी पदर नीट केला, बोलायची तयारी केली. हवालदारांनी गेटाकडं बघितलंही नाही, ते सरळ रस्त्याच्या पलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन बसले.

"दोन चा," म्हणाले. "माझा गिलासात."

चहा आला. त्यांनी तो पिण्याआधी ग्लास वर धरून उजेडात सगळीकडून फिरवून बघितला. मग टपरीतल्या फळीवर उपडे घातलेले बाकीचे ग्लास बघितले. मग चहावाल्याला विचारलं, "गड्या, ह्या पोरांनी गिलास धरला की काळी बोटं उमटत्यात का रं?"

चहावाला हसायलाच लागला. "काळी बोटं? आवं, ही पोरं खिशात कंगवा घिऊन येत्यात. काळी कशानं हुत्याल?"

"वर्कशॉप हाय की आत."

"हाय की. कुलूप बी हाय. मान्यतेची कमिटी यायची आसली की उघडत्यात. तवा यंत्रं बी येत्यात ट्रकातनं. कमिटी जेवून गेली की यंत्रं बी जात्यात. गेल्या साली तर लेथ उतरवायला माझाच भाऊ हुता. चढवायला बी त्योच."

हवालदारांनी शांतपणे चहा संपवला, ग्लास स्वतः विसळून ठेवला आणि उठले. झालं. ना प्राचार्य, ना ऑफिस. मी म्हटलं, "अहो, पण मान्यता आहे ना त्यांना!"

"हाय की. सरकारनं दिलीया. सरकार आत गेलं, आपुन भाईर बसलो, एवढाच फरक."

मला राग आला आणि त्याच्याहून जास्त हेवा वाटला. कारण हे मला सुचलं नव्हतं. पुस्तकात उमेदवार निवडीचा पूर्ण एक धडा होता, तो मला पाठ होता, आणि त्यात चहाचा ग्लास कुठंही नव्हता.

परतीच्या एस.टी.त मी खिडकीशी, ते शेजारी, मांडीवर भुईमुगाच्या शेंगांचा पुडा. कऱ्हाड मागं पडलं तेव्हा सहज विचारावं तसं विचारलं त्यांनी, "बाई, तुमच्या कालिजासमोर चा कुठं प्यायचा तुमी?"

मी म्हटलं, "आमच्या कॉलेजासमोर टपरीच नव्हती."

होती. सायकलच्या दुकानाला लागून, दोन बाकड्यांची चांगली टपरी होती. पण तिथला चहावाला आम्हाला ओळखत नव्हता, कारण आम्ही तिथं जायचो फक्त फी भरायला आणि परीक्षेला. दोन खोल्यांची संस्था. तासाला शिक्षक यायचे नाहीत, आणि शिक्षक येत नाहीत म्हणून मुलं यायची नाहीत. मी दोन महिने रहिमतपूरहून रोज गेले, कुलूप बघून परत आले. शेवटी पुस्तकं विकत घेतली आणि घरी चुलीपाशी बसून वाचली. पदविका मिळाली, वर्गात दुसरी आले, अप्पांनी काच बसवली. अप्पांना आजतागायत मी हे सांगितलं नाही. मग या माणसाला काय सांगणार?

"आसं व्हय," हवालदार म्हणाले, आणि शेंगांचा पुडा माझ्यापुढं केला. पुन्हा हा विषय त्यांनी कधी काढला नाही.

हायवेवरच्या कॉलेजातला तो मुलगा मात्र आमच्याकडं लागलाच. कुणाकुणाचे फोन आले, मालकांचा नाइलाज झाला. तीन महिन्यांत त्यानं ड्रॉइंग चुकीचं वाचून शाफ्टची एक अख्खी खेप बारीक करून ठेवली. सगळी भंगारात. मालक दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी टाइम ऑफिसात येऊन हवालदारांसमोर बसले आणि म्हणाले, "इथून पुढं तुम्ही नाही म्हटलं की नाही." माझ्या देखत. मी मस्टरमध्ये तोंड खुपसून बसले, आणि रकाने ओढत राहिले.

त्यानंतरच माण तालुक्यातला तो टर्नर, लेथवर काम करणारा मुलगा, आला.

दहिवडीच्या पुढं कुठंतरी पत्र्याच्या शेडमध्ये एक निवृत्त फिटर मुलांना लेथ शिकवायचा. मान्यता नाही, बोर्डसुद्धा नाही. त्या फिटरनं आपल्या हातानं लिहून दिलेला वहीचा कागद घेऊन हा मुलगा आला. कागद टेबलावर पालथा पडला तर मागच्या बाजूला बीजगणिताची उदाहरणं. मला हसू आवरेना. हवालदार पुढच्या सोमवारी तिकडं जाऊन आले आणि मंगळवारी भलतेच खुशीत होते.

"तितला चावाला लय वैतागलाय," मला सांगत होते. "त्या पोरांसाठी येगळे गिलास ठिवलेत त्येनं. धुऊन धुऊन दमला, काळे ते काळेच. आपल्याला घ्यायलाच पायजे ह्यो गडी."

घेतला. मी म्हटलं, घेणारच, हवालदारही माणचे, तोही माणचा. यांच्या घरी पूर्वी मेंढरं, त्याच्या घरी अजून मेंढरं. जातीचा ओढा, दुसरं काय! पण खोटं बोलणार नाही, पोरगा सोन्यासारखा निघाला. फोरमन म्हणायचा, ह्यो कानानं लेथ चालवतोय. आवाज जरा बदलला की मशीन बंद करून पातं बघणार. पहिल्या दिवाळीला गावाहून येताना त्यानं हवालदारांसाठी आईनं विणून घेतलेली घोंगडी आणली. काळी, जाड, लोकरीचा वास येणारी. हवालदारांनी ती टाइम ऑफिसातल्या खुर्चीवर घातली. सहा वर्षांत मला कुणी रुमालसुद्धा आणला नाही.

आता मुद्द्यावर येते.

पुण्याच्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं अट घातली की दर्जाचं सर्टिफिकेट असल्याशिवाय माल घेणार नाही. त्यासाठी बाहेरचा तपासनीस येणार, सगळी दप्तरं बघणार. मालकांनी ठरवलं की त्याआधी एक रीतसर कार्मिक अधिकारी नेमायचा. वेगळी केबिन, दारावर पाटी. मी मनातल्या मनात ती पाटी कितीदा वाचली असेल! माझ्या शिक्षणाची जागा होती ती. पदविकेत जे लिहिलं होतं तेच पाटीवर येणार होतं. आणि एक दिवस मालक जाता जाता म्हणाले, "मी म्हणतो, हवालदारांनाच करून टाकू. काम तर तेच करतात."

त्या दिवशी घरी जाऊन मी पोरीला उगाच बदडलं.

दुसऱ्या दिवशी मालकांनी मला सगळ्या कामगारांच्या फायली नीट लावायला सांगितल्या. मी लावल्या. आणि लावता लावता एक यादी केली. कुणी सांगितली नव्हती. 'मान्यताप्राप्त संस्थेचे प्रमाणपत्र नसलेले कर्मचारी' असा मथळा. तशी दोनच नावं होती. वर टर्नर घातला, बीजगणिताच्या कागदासकट. आणि खाली स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'टाइम ऑफिस प्रमुख: सैन्यातील दाखला. समकक्षता तपासावी.'

मालकांनी आम्हा दोघांना केबिनीत बोलावलं. यादी त्यांच्या पुढ्यात. चेहरा उतरलेला.

"बाई म्हणतात तपासनीस हे बघून खोडा घालेल," मालक हवालदारांना म्हणाले. "हे गिऱ्हाईक गेलं तर अर्धा कारखाना बंद ठेवायची पाळी येईल माझ्यावर."

"टर्नरचं काम बघा म्हनावं त्येला," हवालदार म्हणाले.

"तपासनीस काम बघत नाहीत, कागद बघतात," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "उद्या कुणीही उठून वहीचं पान आणेल. मान्यता म्हणजे काहीतरी अर्थ असेल ना, साहेब? आम्ही वर्षं घातली आहेत. माझी पदविका मान्यताप्राप्त संस्थेची आहे, म्हणून मी हे बोलू शकते."

हवालदारांनी माझ्याकडं बघितलं. रागानं नाही. त्या दिवशी एस.टी.त बघितलं होतं, तसंच. मला वाटलं, आता हे काहीतरी बोलणार. पण ते मनगटाच्या आतलं घड्याळ फिरवत राहिले, आणि मग मालकांना म्हणाले, "बाईंचं बराबर हाय. कागूद पायजे आसंल तर त्यो माझ्याकडं न्हाई. आन त्या पोराकडं बी न्हाई. त्येला मी घेतलाय, तर त्येच्या संगट मीच जातो. तुमच्या कारखान्याला तरास नगं."

मालक "अहो, असं कसं," म्हणाले. पण एकदाच म्हणाले. भीती वाईट.

महिना संपला तसे दोघे गेले. हवालदारांनी घोंगडी खांद्यावर टाकली, स्वतःचा चहाचा ग्लास पिशवीत घातला आणि किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या. "वही कपाटातच हाय," म्हणाले. "कारखान्याच्या कामाची हाय, कारखान्यात ऱ्हाऊ द्या." गेटावर पहारेकऱ्यानं कडक सलाम ठोकला आणि म्हणाला, "येतो म्हना, सुभेदार." तेव्हाही ते थांबून त्याला दुरुस्त करूनच गेले.

मला पाटी मिळाली. केबिन मिळाली. आमच्या ह्यांनी विचारलं, "हवालदारांचं काय झालं?" मी म्हटलं, "निवृत्त झाले." कपाटाची किल्ली माझ्याकडं होती, पण वही मी उघडली नाही. म्हटलं, जिंकल्यावर हरलेल्याची वही कशाला चाळायची? खरं म्हणजे भीती वाटत होती.

मग तपासनीस आला. दक्षिणेकडचे गृहस्थ, मराठीचा गंध नाही, कपाळाला गंध मात्र ठसठशीत. मी फायलींचा डोंगर पुढं रचला. प्रत्येक फाइलीत प्रमाणपत्र, प्रत्येकावर मान्यता क्रमांक, तो मी लाल पेन्सिलीनं अधोरेखित केलेला. त्यांनी सात-आठ फायली उलटल्या, चष्मा काढला, पुसला.

"मैडम, ये सब तो कागज़ है," म्हणाले. "इस आदमी को काम आता है, ये आपके यहाँ किसने देखा? कैसे देखा? वो लिखा हुआ दिखाइए."

मालक माझ्याकडं बघतायत. मी आणखी एक प्रमाणपत्र पुढं केलं. त्यांनी ते हातानं बाजूला सारलं. "ये कॉलेज ने देखा. आपने क्या देखा?"

मालकच म्हणाले, "बाई, ती वही आणा."

पाय ओढत गेले आणि आणली. लाल कापडाला अजून कपाटातल्या डांबरगोळीचा वास होता. तपासनिसांनी मधलं पान उघडलं, मराठी बघून माझ्यापुढं सरकवलं. "पढ़िए." मी वाचून हिंदीत सांगू लागले. संस्थेचं नाव, मान्यता आहे की नाही, मग चहावाला काय म्हणाला, मग ग्लास कसे होते, मग उमेदवाराचं काय ठरवलं आणि सहा महिन्यांनी तो कसा निघाला. पानामागून पान. हायवेवरच्या कॉलेजाचं पान वाचताना ट्रकातनं येणाऱ्या लेथपाशी ते गृहस्थ एवढे खदखदून हसले की त्यांचा चष्मा पडला. टर्नरच्या पानाला मालकांनी खाली बघितलं. तपासनीस म्हणाले, "बस, यही तो चाहिए. और एक. कोई भी." आणि स्वतःच बोट घालून पान उघडलं.

ते माझं होतं.

साताऱ्याच्या माझ्या संस्थेचं नाव, वर तारीख. मुलाखतीच्या आधीच्या सोमवारची. म्हणजे मी काचेची फ्रेम घेऊन आत आले त्याच्या आधीच हा माणूस सायकलच्या दुकानाशेजारच्या त्या बाकड्यावर बसून आला होता.

"पढ़िए, मैडम."

मी वाचलं. काय करणार? मालक ऐकत होते. 'मान्यता हाय. दोन खोल्या, कुलूप. चावाला म्हनला, परीक्षेला गर्दी, एरवी पाखरू न्हाई. गिलास कोरे. अर्ज परत वाचला. अक्षर नेटकं, अर्जासंगट मागवलेलं हिशोबाचं उदाहरण बिनचूक. कालिजात शिकवलं न्हाई, म्हंजे बाई घरी शिकलेली दिसती. आशी मानसं टिकत्यात. घ्यावी.'

त्याखाली वेगळ्या शाईत आणखी एक ओळ होती. ती मी त्यांना वाचून दाखवली नाही. पान उलटलं.

सर्टिफिकेट मिळालं. मालकांनी मला एका शब्दानं विचारलं नाही, ती केबिनही माझीच राहिली. त्यांच्या सांगण्यावरून मीच हवालदारांना पत्र लिहिलं, चार वेळा फाडून पाचव्यांदा लिहिलं. उत्तराचं कार्ड आलं: 'टर्नरला घ्या. मी हितं मेंढरांत बरा हाय.' खाली सही, आणि सहीखाली 'हवालदार (निवृत्त)'. टर्नर आठवड्यात हजर झाला. मस्टरवर सही करताना त्यानं माझ्याकडं बघितलं नाही, आणि पुढंही कधी बघितलं नाही.

ती न वाचलेली ओळ मात्र मला पाठ आहे. तारीख आमच्या एस.टी.च्या प्रवासाच्या दुसऱ्या दिवसाची. 'बाई म्हनली, टपरी नव्हती. तिला लाज वाटती. परत इचारू नये.'

मालकांच्या केबिनीत, मी माझ्या पदविकेचा तोरा मिरवत होते तेव्हा, त्यांनी एवढंच विचारायचं होतं: बाई, चा कुठं प्यायचा तुमी? तेवढ्यावर सगळं उलटलं असतं. नाही विचारलं. मी त्यांच्या जागी असते तर विचारलं असतं. चारचौघांत, मोठ्यानं विचारलं असतं. म्हणून सांगते, त्यांची खुर्ची मिळाली, पाटी मिळाली, तरी हेवा काही सुटला नाही.